हुकूम कोणाचा?

दापोलीकराला डोंगराचे फारसे अप्रूप नसते. त्याचे तोंड समुद्राकडे. पाहुणे आले की त्यांना हर्णै, मुरुड, आंजर्ले दाखवायचे. पण खेड ओलांडून पूर्वेकडे सरकावे, तो सह्याद्री एकदम अंगावर येतो. तेथे रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड एका रांगेत उभे आहेत. रसाळगडावर झोलाईचे देऊळ आहे, तोफा आहेत, जाणेही सोपे. मधला सुमारगड मात्र रानात बुडालेला. गुरांच्या वाटा पावलोपावली फुटतात. म्हणून धनगरवाड्यातला वाटाड्या घ्यावाच लागतो.

आता मजुरी आपण देतो आणि वाट त्याला ठाऊक. मग हुकूम कोणाचा?

आमच्याबरोबरचे मामा सुमारगडाच्या खांद्यावर थबकले आणि म्हणाले, “पाव्हनं, आज न्हाई. मळभ उतरतंय.” आमच्यातले एक गृहस्थ तडकले, “पैसे गडापर्यंतचे ठरलेत!” मामा काही न बोलता उतरू लागले. आम्हीही मागोमाग. पाऊस आलाच नाही, हेही सांगितले पाहिजे.

गृहस्थांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. रिक्षावाला ठरल्या जागी पोचवतोच की! पण त्याच्याकडून आपण अंतर विकत घेतो, वाटाड्याकडून पारख. ती पारख आपल्या मर्जीप्रमाणेच निघावी म्हणणे, म्हणजे वैद्याला पैसे देऊन पथ्य आपणच सांगणे. पाऊस न आल्याने मामा खोटे ठरत नाहीत. त्या घटकेला आभाळ तसे होते खरे.

1820 साली आल्प्समध्ये, माँ ब्लाँच्या चढणीवर वाटाडे माघारी फिरू म्हणत होते. रशियाहून आलेल्या डॉ. जोसेफ हॅमेल यांनी पुढे जाण्याचा हट्ट धरला. हिमलोट कोसळला. डॉक्टर वाचले, तीन वाटाडे गेले. पुढल्याच वर्षी शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ बांधला. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने 1861 साली खाली आणून टाकले.

वाटाडेही चुकतात, नाही असे नाही. पण पुढे चालणाराच आधी पडतो. आपला हट्ट भोवतो तोही पहिल्याने त्यालाच.

वाडीत पोचल्यावर त्या गृहस्थांनी, त्यांचे कौतुकच म्हणायचे, पूर्ण मजुरी पुढे केली. मामांनी निम्मी परत दिली. गड झाला नाही, म्हणाले. ती निम्मी घेणे बरे की नाही, यावर आमचे खेड येईपर्यंत एकमत झाले नाही.