तंजावूरची बाहुली आणि नेम

तंजावूरच्या बाजारात मिळणारी मातीची बाहुली ढकलली की डुलते, आणि पुन्हा सरळ उभी. सगळं वजन बुडाशी! नेमबाजालाही असंच डुलून पुन्हा स्थिर व्हावं लागतं.

बायथलॉनचे खेळाडू बर्फावर स्कीइंग करून धापा टाकत येतात आणि त्याच धडधडत्या छातीने 50 मीटरवर पाच गोळ्या झाडतात. आपल्याकडे बर्फ कुठला, पण बंदूक आहे. नेमबाज दीपाली देशपांडे 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकला खेळल्या, मग प्रशिक्षक झाल्या. त्यांचा शिष्य, कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे, 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर बसून, पालथं पडून, शेवटी उभं राहून नेम धरत होता. उभं राहणं सर्वांत अवघड. श्वासासरशी नळी हलते. गुण 451.4, कांस्यपदक. त्या वेळी दीपालीबाई मात्र ट्रिगरपासून दूर होत्या.