बाळपणीचा शिक्का

बालपणी कानावर पडलेली ख्रिस्ती शिकवण जन्मभर पुसली जात नाही, ही समजूत आज दोन विरोधी गटांना सारखीच सोयीची झाली आहे. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस पुढे काहीही बोलला, तरी त्याचे मूळ शाळेच्या प्रार्थनेत शोधणारे एकीकडे आहेत. संडे स्कूलमध्ये पेरलेले बी कधी ना कधी उगवणारच, असे छातीठोकपणे सांगणारे पाळक दुसरीकडे. जोतीराव फुल्यांना ‘मिशनऱ्यांनी घडवलेले’ म्हणून निकालात काढणे, हा या समजुतीचा सर्वांत स्वस्त वापर. वऱ्हाडाचा इतिहास यांपैकी कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाही.

पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतला भाग सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्टीन आणि त्याची आई मोनिका, लूथरची 1529 ची लहान प्रश्नोत्तरी, 1780 मध्ये रॉबर्ट रेक्सने ग्लॉस्टरला सुरू केलेली रविवारची शाळा. वाद पेटला तो 1847 मध्ये. ख्रिस्ती घरातले मूल पहिल्यापासून ख्रिस्ती म्हणूनच वाढावे, आपण कधी वेगळे होतो असे त्याला वाटूही नये, असे अमेरिकी धर्मोपदेशक होरेस बुशनेल याने मांडले. पुनरुज्जीवनवाद्यांना, म्हणजे सामुदायिक धर्मजागृतीच्या पुरस्कर्त्यांना, हे पटले नाही. आईबापांची श्रद्धा वारशाने मिळत नसते, प्रत्येकाने जाणतेपणी स्वतः पश्चात्ताप केला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे.

महाराष्ट्रात हा प्रश्न त्याच्या चार वर्षे आधी वेगळ्याच वाटेने आला होता. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला आणि सुमारे 12 वर्षांचा त्यांचा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. न्यायालयाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. पेच पडला तो त्यानंतर. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांनी रान उठवले. मुलाच्या मनात कोणते सिद्धान्त रुजले, याची चौकशी कोणाला नव्हती; तो कोणाच्या घरी राहिला आणि जेवला, यावर सारे अडले होते. शिक्का पुसता येत नाही ही कल्पना इथे विटाळाच्या हिशेबातून आली. ती बायबलमधून आली असे समजणे चूक आहे.

मिशनच्या वर्गांचा परिणाम एकसारखा नव्हता, हेही उघड आहे. बाबा पदमनजी मिशनच्या शाळांत शिकले आणि 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्यांचा ‘निर्मिक’, म्हणजे निर्माता ईश्वर, कोणत्याही चर्चमध्ये मावणारा नव्हता.

सर्वांत जास्त गैरसमज आहे तो वऱ्हाडातल्या दुष्काळांविषयी. 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांनी प्रांत पिळून काढला. 1891 ला सुमारे 29 लाख असलेली लोकसंख्या 1901 ला साडेसत्तावीस लाखांवर आली. पोरकी मुले मिशनच्या आश्रयाला आली. अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मुख्य ठाणे होते. तिथे आणि खामगावला मुलामुलींची अनाथालये चालली. कोवळ्या वयात साचा मारून कायमचे ख्रिस्ती घडवण्याची ही योजना होती, असे नेहमी लिहिले जाते. पण हे मिशनरी बुशनेलच्या अगदी विरुद्ध टोकाचे होते. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्पसन पुनरुज्जीवनाच्या परंपरेतले. जाणत्या वयातला बाप्तिस्माच खरा, असे ठरवून त्यांनी 1881 मध्ये आपली मंडळी सोडली होती. नुसत्या संगोपनाने कोणी ख्रिस्ती होतो, यावर या लोकांचा विश्वासच नव्हता. वऱ्हाडाबाहेर, केडगावच्या मुक्ति मिशनमध्येही हीच धारणा स्पष्ट दिसते. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून आणलेल्या दुष्काळग्रस्त मुली तिथे रोजच्या प्रार्थनेत वाढत होत्या. तरीही 1905 च्या पुनरुज्जीवनात त्यांनी ढसाढसा रडून नव्याने पश्चात्ताप केला, आणि वडीलधाऱ्यांनी तोच खरा आरंभ मानला.

मग शिकवण टिकली कशी? श्रीपतला बाप होता, फुल्यांना घर होते. दुष्काळातल्या पोराला यांतले काहीच नव्हते. गावात कोणी उरले असले तरी मिशनचे अन्न खाल्लेल्याला पंगतीत कोण घेणार? अनाथालयांतल्या मुलामुलींची आपसांत लग्ने झाली, त्यांतून कुटुंबे आणि सोयरिकी उभ्या राहिल्या. माणसे त्या गोतावळ्यामुळे धर्मात राहिली, आणि शिकवण त्यांच्या आधाराने राहिली. लाला लजपत राय यांनी याच दुष्काळांत हिंदू अनाथांसाठी चळवळ चालवली, कारण मूल ज्याच्या घरात वाढेल त्याचे होईल, हे त्यांनी ओळखले होते. व्यवहारात ते मिशनऱ्यांच्या इतर टीकाकारांपेक्षा शहाणे ठरले.

बालपणाचा प्रभाव खरोखर पाहायचा तर कवी नारायण वामन टिळकांकडे पाहावे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तिशी ओलांडून गेले होते. त्यांच्या कवितेत टिकले ते लहानपणी कानी पडलेले ओवी-अभंग. ‘अभंगांजली’ त्याच वळणाची आहे, आणि 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापला तो मिशनची चाकरी सोडून. मराठी मंडळ्यांतली मुले आज टिळकांची पदे गातात, म्हणजे येशूबरोबर तुकोबाची चालही शिकतात. या पदांना परकी शिकवण म्हणणाऱ्यांनी एकदा ‘उपासना संगीत’ हे मंडळ्यांचे गीतपुस्तक उघडून पाहावे.

अमरावती-अकोल्याच्या ख्रिस्ती शाळांत आज बसणारी बहुतेक मुले हिंदू, बौद्ध आणि मुसलमान घरांतली आहेत. शाळा सुटली की ती आपापल्या घरी जातात. दुष्काळातल्या अनाथांचा दाखला त्यांना लागू होत नाही.