उपवासाला साक्षी कोण?

बोर नदीकाठचे घोराड म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यातले केजाजी महाराजांचे गाव. तेथे एका एकादशीच्या कीर्तनानंतर मंडळी फराळाला बसली असता एका तरुण श्रोत्याने विचारले, "महाराज, किरिस्तावांतही उपास असते म्हणे. मंग त्यायच्या उपासात अन् आपल्या उपासात फरक काय?" मंडळी हसली. आम्हीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आमच्या पुढ्यात साबुदाण्याची उसळ होती आणि ती दुसऱ्यांदा वाढून घेतलेली होती, हे कबूल केले पाहिजे. पण प्रश्न मनातून जाईना. कारण त्याचे उत्तर आम्हांस बारा वर्षांपूर्वी एका दवाखान्यात मिळाले होते, आणि ते चारचौघांत सांगण्याची आमची छाती नव्हती. ते आज सांगतो.

आधी त्यांचे शास्त्र पाहू. ईस्टरच्या सणापूर्वी ख्रिस्ती लोकांत चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मधले रविवार त्यात मोजीत नाहीत. येशूने अरण्यात चाळीस दिवस निराहार राहून मोहाला तोंड दिले, त्याचे हे स्मरण. आरंभ राखेच्या बुधवारी. मागल्या वर्षीच्या सणातल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळी लावतात आणि तू माती आहेस, मातीतच जाणार आहेस, याची आठवण देतात. आपण बुक्का लावतो तेव्हा इतके स्पष्ट कोणी बोलत नाही! कॅथलिक पंथाचा नियम पूर्वी फार कडक होता. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी तो सैल केला. आता बंधनाचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशी एक वेळ जेवण व बाकी दोन वेळ थोडेसे तोंडात टाकणे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. साठावे वर्ष लागले की उपवासाचे बंधन सुटते. म्हणजे त्या हिशेबाने आम्ही केव्हाच सुटलो.

आमच्या निर्जळीवाल्या मंडळींना हे ऐकून हसू येईल. येऊ द्या. मर्म तेथे नाहीच. मर्म मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. येशू शिष्यांना बजावतो की उपवासाच्या दिवशी तोंड उतरवून हिंडू नका. उलट डोक्याला तेल लावा, तोंड स्वच्छ धुवा, म्हणजे तुमचा उपवास माणसांना कळणार नाही, फक्त गुप्तात पाहणाऱ्या पित्याला कळेल. जे दाखवून करतात त्यांना त्यांची मजुरी आधीच चुकती झाली. आमच्याकडे कापसाच्या वेचणीची मजुरी एकदा संध्याकाळी हातात पडली की सकाळी तीच पुन्हा मागता येत नाही. 'वा महाराज' हे शब्द कानांवर आले की आमचा हिशेब मिटला. मग पांडुरंगाकडे कोणत्या तोंडाने मागावे?

आणि हे काही परके बोलणे नव्हे. सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेल्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी राजस म्हटले आहे, व ते टिकणारे नसते हेही सांगितले आहे. तो श्लोक आम्ही पाठशाळेत पंधराव्या वर्षी अन्वयासह पाठ केला. अर्थ कळायला मात्र पन्नाशी उलटली.

झाले असे. फाल्गुनातली एकादशी होती, वार शुक्रवार. आमच्या कुटुंबाचे ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. आम्ही दवाखान्यात खाटेपाशी बसून. येईल त्याला सांगत होतो की आज आमची एकादशी, येथले पाणीसुद्धा चालत नाही, तीस वर्षांचा नेम आहे. दुपारी डोके चढले. औषध द्यायला थोडा उशीर झाला म्हणून आम्ही तेथल्या आयाबाईला नाही नाही ते बोललो. वॉर्डातली सिस्टर वसईकडची ख्रिस्ती बाई. तिने सगळे ऐकून घेतले. "बाबा, निदान केळी तरी घ्या, चक्कर येईल," म्हणाली आणि स्वतः खाली जाऊन केळी घेऊन आली. आम्ही ती हातात घेतली नाहीत. खिडकीत ठेवायला सांगितली. तिने ठेवली.

संध्याकाळी ती आयाबाई आमच्या खाटेशी आली. आवाज खाली करून म्हणाली, "महाराज, सिस्टरचाही आज उपासच हाये. सकाळपासून पाण्यावर हाये ते. अन् डब्याचे पैसे त्या कोपऱ्यातल्या म्हातारीच्या पोराले देते, दर शुक्रवारी." पंथाने तिला इतके सांगितलेले नव्हते, ते तिने आपल्या मनाने धरलेले होते. दिवसभरात ती आमच्यासाठी तीनदा जिने उतरली होती. आम्ही तिला विचारले तेव्हा चोरी पकडली जावी तसा तिचा चेहरा झाला. "कोणी सांगितलं तुम्हांला?" एवढेच म्हणाली, आणि त्या आयाबाईवर खरोखरीच रागावली. आमच्या सबंध दिवसाच्या बोलण्याचा तिला राग आला नव्हता, तो या एका गोष्टीचा आला.

'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे, ही व्युत्पत्ती आम्ही हजार कीर्तनांत सांगितली असेल. त्या दिवशी कोण कोणाजवळ राहिले होते? आम्ही आमच्या भुकेजवळ बसलो होतो. ती त्या म्हातारीजवळ होती.

येथे एक शंका येते. उपवास गुप्तच हवा तर आमच्या जिल्ह्याने पाहिलेल्या मोठमोठ्या उपवासांचे काय? १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी आणि चिमूर येथे उठाव झाला. पुढे चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमाचे भणसाळी यांनी त्रेसष्ट दिवस उपवास केला. तो जगाला दिसलाच, दिसावा म्हणूनच होता. पण यहूदी संदेष्टा यशया याच्या ग्रंथात, अठ्ठावन्नाव्या अध्यायात, ईश्वराला आवडणारा उपवास सांगितला आहे तो असा की अन्यायाच्या गाठी सोडाव्या, दबलेल्यांना मोकळे करावे, भुकेल्याला आपल्या भाकरीतले द्यावे. भणसाळींनी तोंड उघडले ते दुसऱ्यांच्या दुःखासाठी. आम्ही उघडले ते आमच्या नेमासाठी. हा फरक मोठा आहे. विनोबांची गोष्ट आणखी निराळी. ज्यांनी 'ख्रिस्तधर्म-सार' संकलित केले त्याच विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सोडले आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. धामेच्या काठच्या त्या गर्दीत आम्ही विशीतले उभे होतो. पाहणारे हजारो, पण त्यांना कोणाकडून काही घ्यायचे उरले नव्हते.

दुसरी शंका आपल्या घरातली. एकादशी तर सगळा गाव करतो, ती लपवायची कशी? आम्हांला वाटते, लपवायचे कारणच नाही. सगळ्यांनी केली म्हणजे कोणाचीच दिसत नाही. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळही असाच सर्वांचा मिळून असतो. दिसू लागते ते आपण वर चढवलेले. कोणी फराळही घेत नाही, कोणी पाणीही नाही, आणि मग त्या जास्तीच्या तुकड्याला साक्षीदार लागतात. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणून आपण खाणाऱ्याला हसतो. न खाणाराही दुप्पट खातो. त्याचे खाणे कानांनी चालते, इतकेच.

आमच्या कीर्तनाच्या पत्रिकेत नावाखाली 'निर्जळी एकादशीव्रती' असे छापीत. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतरही बारा वर्षे आम्ही ते छापू दिले. घोराडाहून परतल्यावर पुढच्या गावच्या मंडळींना निरोप धाडला की ती ओळ काढा. ते हिरमुसले. "महाराज, त्यानंच तं लोक येते," म्हणाले.

घरी हे सांगितले. म्हटले, यापुढे आमची एकादशी कोणाला कळणार नाही. कुटुंब तांदूळ निवडीत होते. मान वर न करता म्हणाले, "दर एकादशीले दुपारी तुमचा आवाज कसा चढते ते सगळ्या गल्लीले माहीत हाये. आधी तो लपवा."