औदुंबराचे औषध आणि औदुंबराची सेवा

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत देवळांत आणि घराघरांत गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. एकोणिसाव्या अध्यायातली औदुंबराची कथा आपल्याला पाठ आहे. नृसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडले, आतले विष नखांना लागले, नखांचा दाह होऊ लागला. लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, देवाने त्यांत नखे रोवली आणि दाह शमला.

म्हणजे औदुंबराची आपल्याला झालेली ओळखच मुळी दाह शमवणारा अशी. वैद्यांनी तोच गुण हेरला. वड, पिंपळ, पायरी यांच्या जोडीला उंबराची साल 'पंचवल्कला'त येते. तिच्या काढ्याने जखमा धूत, तोंड आले की गुळण्या करीत. चरकाने वारंवार होणारी लघवी आवरणाऱ्या दहा द्रव्यांत उंबर घातला आहे. आपल्या आज्या गोवरात उंबराच्या मुळीचे पाणी पाजत, गालगुंडावर चीक लावत.

यामागचे कारण रसायनशास्त्र सांगते. सालीत टॅनिन भरपूर. चहा फार उकळला की जीभ ओढल्यासारखी होते ना, तोच हा तुरटपणा. टॅनिन प्रथिनांना आवळते, जखमेवर पातळ पापुद्रा धरते, स्राव कमी होतो. शिवाय बर्गेनिन, ल्युपिऑल, बीटा-सिटोस्टेरॉल ही द्रव्येही या झाडात सापडली आहेत. सालीच्या अर्काने उंदरांची रक्तशर्करा उतरल्याचे प्रयोग झाले आहेत.

इथेच जरा थांबू या. एका सप्ताहात एका आजोबांनी मला विचारले, "बुवा, साल उकळून रोज घेतो. आता साखरेच्या गोळ्या सोडल्या तर चालेल ना? महाराजांचंच झाड आहे."

मी म्हटले, "आजोबा, उंदराला दिलेला अर्क मोजून दिलेला असतो. तुमच्या पातेल्यात किती उतरलं, कोणी मोजलं? गोळी सोडली आणि साखर चढली, तर डोळे, मूत्रपिंड, पाय यांवर बेततं. गोळीही घेतली, काढाही घेतला आणि साखर एकदम उतरली, तर दरदरून घाम, हातांना कंप, शुद्धही हरपते. काढा घ्यायचाच तर वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगून घ्या. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून गोळी सोडणं नव्हे."

आजोबा हसले, पण नंतर मी पाराकडे पाहिले. हात पोचेल तिथवर खोड सोललेले! पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. चहूबाजूंनी साल निघाली की मुळे उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या वाळते. ज्याला प्रदक्षिणा घालायच्या, त्यालाच आपण भुकेने मारायचे?

चाळिसावा अध्याय आठवा. कोडाने पिडलेला नरहरी श्रीगुरूंकडे आला. त्याला औषध मिळाले ते काय? औदुंबराचे एक वाळके लाकूड! ते रोवून रोज पाणी घालायला सांगितले. लोक हसले, तो घालत राहिला. शेवटी श्रीगुरूंनी कमंडलूतले पाणी शिंपडले, लाकडाला पालवी फुटली, आणि त्याची कायाही पालटली. नरहरीने झाडाचे काही ओरबाडले नाही. त्याने आधी दिले.

'उंबराचे फूल' आपण दुर्मीळ गोष्टीला म्हणतो. खरे तर एकेका उंबरात फुलांची दाटी असते, पण सगळी आतल्या बाजूला. बारीकसा कीटक फळाच्या तोंडातून आत शिरतो, तेव्हा त्यांचे परागीभवन होते. सेवाही अशीच, आतून फुलणारी असावी.

म्हणून यंदा उत्सवात एवढे करू या. सालीला हात लावायचा नाही. पाराची फरशी खोडापर्यंत भिडवायची नाही. मुळांना माती आणि पाणी मिळू द्यायचे. दिवे खोडापासून लांब लावायचे. सोसायटीचा पुनर्विकास निघाला, तर आवारातल्या उंबराचे काय होणार हे सभेत पहिल्यांदा आपण विचारायचे.

आणि मधुमेहींनो, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी वेळेवर घेऊन, चार घास पोटात घालून मग प्रदक्षिणेला या. महाराज रागावणार नाहीत.

श्रीगुरुदेव दत्त!