नवस कशाचा बोलायचा?

मार्चअखेर एका संध्याकाळी, सातच्या सुमारास, अमेरिकेतल्या आयव्ही लीग या नामांकित गटातली आठही विद्यापीठं आपले निर्णय एकदमच जाहीर करतात. त्यांतल्या काही ठिकाणी माझ्या मुलीचा अर्ज आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात सध्या कुणी मोठ्यानं बोलत नाही. परवा आईचा सांगलीहून फोन आला. म्हणाली, "गणपतीला नवस बोलू का रे?" मी पटकन हो म्हणू शकलो नाही.

मागायचं तरी काय? निकालाच्या दिवसापर्यंत समित्यांचं काम उरकलेलं असतं. नाव एक तर यादीत असतं, नाही तर नसतं. 2024 साली हार्वर्डकडे चोपन्न हजारांवर अर्ज आले आणि 1,937 जणांना प्रवेश मिळाला. बाकीच्यांच्या आयांनीही कुठं ना कुठं हात जोडलेच असतील.

पण माझी जीभ अडली ती एवढ्यानं नव्हे. प्रवेश न्यायानं व्हावेत, असं मी जन्मभर म्हणत आलोय. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर इंजिनिअरिंगची यादी लागायची. आपल्या वर कोण, खाली कोण आणि किती गुणांनी, ते भिंतीवर सगळ्यांना दिसायचं. इथं नकाराचं कारण कधीच कळत नाही. त्याच विद्यापीठात शिकलेल्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, ज्याला इथं 'लेगसी' म्हणतात, त्यावर मी आमच्या मराठी मित्रमंडळींत तावातावानं बोलतो. आम्हाला ते माप मिळणार नसतं, म्हणून बोलणं सोपं जातं.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2023 चा अभ्यास मी याच तावात वाचायला घेतला होता. प्रवेश परीक्षेचे गुण सारखे असले, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं अशा विद्यापीठांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात, असं त्यात दिसतं. मुख्य कारणं तीन: लेगसी, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांना मिळणारं वजन. पहिल्या दोन कारणांशी माझा संबंध नाही. तिसऱ्यापाशी मात्र मी थांबलो. आम्ही त्या एक टक्क्यातले नाही, पण उन्हाळी शिबिरं, क्लॅरिनेटचे खासगी धडे, निबंध तपासणाऱ्या समुपदेशकाची फी, हे सगळं आम्हाला परवडलं. तिच्याच वर्गातला एक मुलगा शनिवार-रविवार वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. त्याच्या अर्जात काय लिहिलं असेल, हा विचार माझ्या मनात इतके दिवस आलाच नव्हता. लेगसीला मी अन्याय म्हणतो आणि या फीला आईबापाचं कर्तव्य. खरं सांगायचं, तर मला न्याय नकोच आहे. मला जागा हवी आहे, आणि ती न्यायानं मिळाली असं म्हणायची सोयही हवी आहे.

मुलीचं तसं नाही. साडेसहाशे शब्दांच्या त्या निबंधात तिनं शाळेच्या बँडमधल्या तिसऱ्या क्लॅरिनेटबद्दल लिहिलं. धून पहिल्याकडे असते. तिसऱ्यानं खालचे सूर लांबवर धरून ठेवायचे. ते कुणाला वेगळे ऐकू येत नाहीत, पण ते थांबले की सगळं पोकळ वाटतं. यात नेतृत्व दिसत नाही, असं समुपदेशकाचं म्हणणं पडलं. मलाही तसंच वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी वाजवते तेच लिहिलंय." एक शब्द बदलला नाही. तो निबंध मी आता पुन्हा वाचला. माझं मूल इतकं नीट ऐकतं, हे मला त्या अर्जामुळं कळलं, आणि त्यावर कुठल्याही समितीची सही लागत नाही.

तरीही धाकधूक जात नाही. गाडी चालवताना मी मनात दोन्ही निकालांची वाक्यं जुळवत असतो: भावाला काय सांगायचं, ऑफिसात काय सांगायचं. त्यांतलं एकही तिच्यासाठी नसतं.

त्या संध्याकाळी दार लावून एकटीच बघेन, असं तिनं सांगून ठेवलंय. मी आईला रात्री फोन केला. म्हटलं, नवस बोलू नकोस, पण नात दार उघडून बाहेर येईल तेव्हा तिनं आधी माझा चेहरा वाचू नये, एवढं गणपतीला सांग. आई म्हणाली, "ते देवाला कशाला सांगायचं? ते तुझं तुलाच करावं लागेल."