गाठ, प्रथिन आणि प्रतिमा

मेंदूच्या गाठींबद्दल सध्या एक समज जोरात आहे: कवटी उघडायची गरज नाही, एमआरआयवरून संगणकच गाठीतली प्रथिने ओळखेल आणि रुग्णाचे भवितव्यही सांगेल. नातेवाइकांना त्यात आशा वाटणे साहजिक आहे. जाणत्या वैद्यकांनीही हा दावा न तपासता उचलून धरावा, याची मात्र काळजी वाटते.

ग्लायोमा या मेंदूच्या गाठीची ग्रेड, म्हणजे तिचा आक्रमकपणा, एके काळी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठरत असे. 2008 मध्ये आयडीएच जनुकातला बदल सापडला आणि चित्र पालटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणानंतर हा बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा, म्हणतच नाहीत, कारण तिचा रुग्ण सहसा कितीतरी जास्त जगतो. बदललेले प्रथिन प्रतिपिंडाने रंगवले की काचपट्टीवर गाठीच्या पेशी तपकिरी उठून दिसतात. शंकेला फारशी जागा उरत नाही.

'कारण कळले नाही तरी चालेल, अंदाज बरोबर आला की झाले', असे संगणकवाल्यांचे म्हणणे. मला ते मुळातच अमान्य आहे. आयडीएच-बदलाच्या गाठी बहुधा तरुणांत आणि मेंदूच्या पुढच्या भागात आढळतात. मग यंत्र नेमके काय शिकले? गाठ, की वय आणि जागा? तसे असेल तर साठीच्या रुग्णाच्या अशा गाठीला ते हमखास चुकीचे नाव देईल, आणि चाचणीची खरी गरज तर अशा अपवादांनाच असते. एमजीएमटी या जनुकाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, मिथिलेशन या रासायनिक खुणेने बंद असेल, तर टेमोझोलोमाइड या कर्करोगाच्या औषधाचा उपयोग अधिक होतो, हे 2005 मध्येच दिसले. ही खूण एमआरआयवरून ओळखण्याची जागतिक स्पर्धा 2021 मध्ये झाली. नाणेफेकीला जिथे 0.5 गुण, तिथे विजेत्याला मिळाले सुमारे 0.62. यात नवल काय? एमजीएमटी डीएनएची दुरुस्ती करते. ते गप्प झाले म्हणून पाण्याची हालचाल किंवा रक्तवाहिन्यांची गळती ठळकपणे बदलावी असे काही नाही, आणि एमआरआय तर मुख्यतः तेच टिपतो.

उलट टोकाला, बायोप्सी असताना प्रतिमेचे काय काम, असे म्हणणारे सुई गाठीच्या किती लहान कोपऱ्यात जाते हे विसरतात.

म्हणून भेद करायचा तो असा: काही खुणा गाठीच्या सोबतीने आढळतात, काही गाठ स्वतः घडवते. बिघडलेले आयडीएच 2-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचे रसायन तयार करते. ते गाठीत साचते आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे रसायने मोजणाऱ्या एमआर तपासणीत, त्याचा उंचवटा थेट मोजता येतो. लहान गाठीत किंवा यंत्र नीट लावले नसेल तर तो हुकतो, हे खरे. तरीही प्रथिनापासून प्रतिमेपर्यंतची साखळी इथे अखंड आहे, म्हणून ही पहिल्या पायरीची खूण. टी2 आणि फ्लेअर या एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमांतली टी2-फ्लेअर विसंगती, म्हणजे टी2 वर एकसारखी पांढरी दिसणारी गाठ फ्लेअरवर आतून काळवंडणे आणि कडा तेवढी उजळ राहणे, ही खूणही मोलाची. ती दिसली तर आयडीएच-बदलाचा अॅस्ट्रोसायटोमा बहुधा ठरलेलाच. पण ती अनेक गाठींत दिसतच नाही, आणि का दिसते याचे उत्तर अजून अर्धवट आहे. त्यामुळे मी तिला दुसऱ्या पायरीवर ठेवतो.

पहिल्या पायरीच्या खुणेची एक कसोटी आहे: कारण काढून घेतले की ती ओसरली पाहिजे. व्होरासिडेनिब हे औषध बिघडलेल्या आयडीएचला अडवते, आणि औषध घेतलेल्या रुग्णांच्या गाठीतले 2-हायड्रॉक्सिग्लुटारेट खरोखरच झपाट्याने घटलेले आढळले. वय आणि जागा यांवर बेतलेल्या अंदाजाला ही कसोटी लावताच येत नाही.