खारीला वाचवलं, त्याला का नाही?

२०२५च्या जुलैत नॉयडाच्या सेक्टर १८ मधल्या मॉलमध्ये नातीला ‘सुपरमॅन’ दाखवायला नेलं. ती नऊ वर्षांची, चित्रपटाचं प्रमाणपत्र ‘यूए १३+’. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे झाले आहेत. त्यांमुळे मुलाला दारात कोणी अडवत नाही. त्याहून लहान मुलाला दाखवायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. दिल्लीत तीस वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे फाईल अशी खाली सरकवण्याची रीत माझ्या ओळखीची आहे.

मी ठरवलं ते असं : सेन्सॉरने चुंबनाची तेहतीस सेकंदं कापल्याचं वर्तमानपत्रात वाचलं आणि निश्चिंत झालो. तिच्या शेजारी बसून मला अवघडायला होणार नव्हतं. तिला काय होईल, हा विचार त्यात नव्हताच.

पडद्यावर एक अजस्र प्राणी शहर तुडवत होता. त्या गदारोळात सुपरमॅनने एका खारीला उचलून वाचवलं, तेव्हा नातीने टाळ्या वाजवल्या. पुढे लेक्स लूथर एका फलाफल विकणाऱ्याला सुपरमॅनसमोर आणून बसवतो. सुपरमॅन रस्त्यावर आदळला होता तेव्हा या माणसाने त्याला हात देऊन उठवलं होतं, एवढाच त्याचा संबंध. लूथर प्रश्न विचारत पिस्तुलाचा चाप ओढत जातो आणि शेवटी तो माणूस मरतो. सुपरमॅन काही करू शकत नाही.

नातीने माझं मनगट घट्ट धरलं. “आबा, त्याने काय केलं होतं?”

“थांब, सुपरमॅन त्याला बरं करेल,” मी म्हणालो.

चित्रपट संपला. परतताना ती म्हणाली, “खारीला वाचवलं, मग त्याला का नाही? तुम्ही म्हणाला होतात.”

तीन रात्री ती आईजवळ झोपली. “बाबा, आधी स्वतः बघून यायचं होतं,” लेक म्हणाली. तिचं बरोबर होतं.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. याच मुलीला खांद्यावर घेऊन मी दसऱ्याला जळता रावण दाखवला आहे. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्याची गोष्ट जेवता जेवता, हातवारे करून सांगितली आहे. ती कधी घाबरली नाही, कारण मरणारा दुष्ट असतो आणि त्याने काय केलं हे आधी सांगितलेलं असतं. या चित्रपटातही इमारती कोसळत होत्या, मोटारी चिरडत होत्या आणि आम्ही दोघं पॉपकॉर्न खात होतो. त्या इमारतींत कोणी राहत असेल, हे तिच्या मनात आलं नाही. खरं तर माझ्याही नाही. मुलांना चालेल असं आपण ज्याला म्हणतो ते बहुधा हेच, आणि मला आता त्याचीच जास्त शंका येते. फलाफलवाल्याच्या वेळी मात्र एक माणूस मेला. तिला भीती वाटली ती योग्य ठिकाणी वाटली.

म्हणून तो प्रसंग नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावा, असं मी म्हणणार नाही. तीन रात्री काही थोड्या नव्हेत. पण नेण्यातली चूक एकवेळ मी माझ्या बेफिकिरीवर ढकलू शकतो. अंधारात तिने नेमका प्रश्न विचारला आणि मी थाप मारली, तिथे बेफिकिरी नव्हती. मला उत्तर द्यायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सोसायटीबाहेरच्या मोमोवाल्याकडे उभे होतो. तो वाफेच्या भांड्याचं झाकण उघडत होता, तिची नजर त्याच्यावर.

“कोणी पडलं तर हे भैया हात देतील ना?”

“देतील.”

“मग त्यांना पण कोणी धरून नेलं तर?”

मोमोवाला बशी पुढे करून थांबला होता. मी ती घेतली.

“नेऊ शकतात,” मी म्हणालो.

तिने थोडा वेळ विचार केला, मग लाल चटणी बाजूला सारून खायला लागली.